पथ्याच्या नावाखाली पोराचं तूप-मीठ बंद करू नकोस

या वेळचं पत्र मोठं आहे, थोडं कमी करून देतेय.

"मावशी, मी चोपडा तालुक्यातून लिहितेय, नाव छापू नका. माझा मुलगा सहा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी मुंबईला त्याची घामाची टेस्ट केली आणि सिस्टिक फायब्रोसिस निघालं. तेव्हापासून जेवणाआधी कॅप्सूल, व्हिटॅमिन, दोन टाइम मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझर आणि पाठ थोपटणं चालू आहे. पण खोकला राहतोच आणि अंग काही धरत नाही. सासूबाई रोज म्हणतात, 'पोऱ्याले कितला दिन या गोया खावाडशी, वैदले दखाड एकदाव.' शेवटी मिस्टर एका वैद्यबुवांकडे घेऊन गेले. त्यांनी नाडी बघून ४० दिवसांचा कोर्स दिला, पुड्या आणि काढा, ११ हजार रुपये. पथ्य कडक आहे, तूप, तेल, दही, केळी बंद, मीठ नावाला, आणि इंग्रजी औषधं गरम पडतात म्हणून कॅप्सूल पण बंद. आज १८ वा दिवस. पहिले चार दिवस खोकला एकदम कमी झाला होता, आता परत तसाच. पोट फुगलेलं असतं, दिवसातून पाच-सहा वेळा शी, वास इतका की शेजारीण विचारते. वजन साडेचौदा होतं, काल दुकानातल्या काट्यावर १३ किलो ८०० भरलं. त्यात घरात अजून तीन सल्ले आहेत, गाढवीणीचं दूध, जूनमध्ये हैदराबादचं माशाचं औषध, आणि नणंदेने मोबाईलवर बघितलंय की काढा नेब्युलायझरमध्ये टाकला की थेट छातीत जातो. मुंबईच्या डॉक्टरांना यातलं काहीच सांगितलेलं नाही, ते रागावतील. मी काय करू? आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचंय, त्याला नेऊ का?"

पोरी, आधी हे कर आणि मग खाली वाच. आज रात्रीच्या जेवणापासून कॅप्सूल चालू, जेवढी आधी ठरवून दिली होती तेवढी, त्याच्यासाठी मुहूर्त नको आणि कोणाची परवानगी पण नको. पुड्या आणि काढा बंद, पण फेकू नकोस, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेव. आणि मुंबईच्या डॉक्टरांना आजच फोन लाव, उद्या नाही. ही घाई करायला का सांगतेय ते पुढे येईल. फोन लागेपर्यंत पोरगं सुस्त पडलं, उलट्या व्हायला लागल्या, पोट टणक होऊन शी बंद झाली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या किंवा बेडक्यात रक्त दिसलं तर वाट बघू नको, गाडी कर आणि जळगाव गाठ, जाताना मुंबईची फाइल सोबत घे, कारण इकडे प्रत्येक डॉक्टरने या आजाराचं पोर बघितलेलं असेलच असं नाही.

आता बोलू. मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून तीस वर्षं काढली, त्यामुळे तुझं पत्र वाचून मला राग आला नाही, खरं सांगते. असं पोर ज्याच्या घरात आहे तो माणूस देशी औषधाकडे वळला नाही असं मी क्वचितच बघितलंय, आणि फक्त आपल्याकडे नाही, अमेरिकेतले आईबाप पण तेच करतात, जडीबुटी, मालिश, प्रार्थना, होमिओपॅथी, सगळं. आजार जन्मभराचा असला की माणूस हातपाय मारणारच. तुझ्या मिस्टरांना आणि सासूबाईंना मी वाईट म्हणणार नाही. मला त्या पुड्यांची काळजी आहेच पण त्याहून जास्त काळजी त्या पथ्याची आहे. पुडीत काय आहे हे बघायला लॅब लागते, पथ्याने काय केलं ते काट्यावर दिसलं ना तुला, १८ दिवसांत ७०० ग्रॅम. एका काट्याचं वजन दुसऱ्या काट्याशी तंतोतंत जुळत नाही हे मान्य, पण पाच-सहा वेळा तेलकट घाण वासाची शी आणि फुगलेलं पोट हे दोन्ही काटे एकच सांगतायत.

तुमच्याकडे केळी आहे म्हणजे ठिबक असेल. आपल्या खारट पाण्याने दोन-तीन सीझनमध्ये नळ्यांत क्षार बसतात, मोटर चालू, टाकी भरलेली, पण ड्रीपरमधून थेंब पडत नाही आणि झाड सुकतं. तुझ्या पोराच्या स्वादुपिंडाचं तसंच आहे. तेल-तूप पचवायचा रस आत बनतो, पण तो आतड्यात नेणाऱ्या बारीक नळ्या चिकट घट्ट स्रावाने चोंदल्यात. फुप्फुसात पण तोच चिकटपणा, म्हणून बेडका सुटत नाही आणि त्यात जंतू घर करतात. हे सगळं एका जीनच्या बिघाडाने होतं, तो जीन १९८९ साली सापडला, सातव्या क्रोमोसोमवर असतो, पेशीतून मीठ आत-बाहेर नेणारा दरवाजा तो बनवतो. दरवाजाच बिघडलाय, त्यामुळे घामात मीठ जास्त जातं, आणि म्हणूनच घामाची टेस्ट. (त्याला स्वेट टेस्ट म्हणतात, आमच्या वॉर्डात निम्मे लोक त्याला स्वीट टेस्ट समजून शुगरची टेस्ट आहे असं घरी सांगायचे.)

आता यावरून सांग, त्या पथ्यात काय उरलं? कॅप्सूलमध्ये तोच रस आहे जो आतड्यापर्यंत पोचत नाही, त्यात चरबी पचवणारं लायपेज असतं. ते बंद केलं म्हणजे जेवण तोंडातून गेलं आणि तसंच खालून बाहेर आलं. वर तूप-तेल बंद, म्हणजे थोडंफार लागू पडलं असतं ते पण गेलं. या मुलांना बाकीच्या मुलांपेक्षा जास्त कॅलरी लागतात, जास्त तूप, जास्त शेंगदाणे, जास्त मलई, कारण खोकण्यात आणि श्वास घेण्यातच त्यांचं बरंच बळ खर्च होतं. सासूबाईंच्या हातचं भरीत तेलाची तर्री सुटलेलं, कळण्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा, शेवभाजी (तिखट जरा कमी), केळ्याचं शिकरण साय घालून, हे सगळं त्याचं औषध आहे गं, फक्त त्याच्या आधी कॅप्सूल. दुसऱ्या आजारात जे पथ्य शहाणपणाचं असतं ते या आजारात उलटं पडतं, आणि हे नाडी बघून कळत नाही.

आणि मीठ! आपल्या खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला सहज जातो, कधी त्याच्याही वर. तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या पोराच्या टोपीच्या कडेला वाळल्यावर पांढरी रेघ येत असेल, पापा घेतला की ओठ खारट होत असतील. ते त्याच्या रक्तातलं मीठ आहे. बाकीचं पोर उन्हात खेळून आलं की पाणी पितं आणि परत पळतं, याचं मीठ इतकं जातं की रक्तातलं सोडियम-पोटॅशियम दोन्ही पडतं आणि नुसतं पाणी पाजून ते भरून येत नाही. अशा पोराला 'मीठ नावाला' हे आखाजीच्या तोंडावर सांगणं म्हणजे... जाऊ दे, मला चांगला शब्द सापडत नाहीये. रोज किती जास्त मीठ द्यायचं ते डॉक्टरांना फोनवर विचार, ओआरएस किती आणि कधी ते पण, आणि घरात मिठाच्या बरणीवरून भांडण झालं तर ती टोपी दाखव सासूबाईंना, त्यावरची रेघ बोटाने चाखायला लाव.

तुला लपवल्याची भीती वाटतेय ना, त्याच्यावर माझी स्वतःची गोष्ट सांगते, आणि यात चूक माझी आहे. वॉर्डात चार वर्षांचं पोर आलं होतं, याच आजाराचं, मे महिना, ऊन लागलं म्हणून आणलेलं, मान टाकलेली. दंडाला काळ्या दोऱ्यात ताईत, आणि त्याच हाताला सलाईन लावायचं होतं. मी त्याच्या बापाला म्हटलं हे असले उद्योग करता म्हणून पोराचं असं होतं, आणि कात्रीने दोरा कापला, त्याच्यासमोर. तो काही बोलला नाही, ताईत उचलून खिशात टाकला. मग तीन दिवस आमचे डॉक्टर डोकं धरून बसले, सोडियम सुधारलं पण पोटॅशियम काही केल्या धरेना, कितीही दिलं तरी खालीच. तिसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डबॉयने बाहेर चहा पिताना त्या बापाकडून काढून घेतलं की आजी रोज बाटलीतून ज्येष्ठमधाचा काढा आणते आणि दोन टाइम चाटवते, दवाखान्यात सुद्धा. ज्येष्ठमध आपल्याला किती साधं वाटतं, घसा बसला की चघळतो, पण त्यातलं द्रव्य शरीरातून पोटॅशियम बाहेर घालवतं, आणि या पोराचं ते आधीच घामातून चाललं होतं. काढा बंद केल्यावर काही दिवसांनी हळूहळू आकडा वर आला. मी त्या दिवशी दोरा कापला नसता तर त्याने पहिल्याच रात्री मला सांगितलं असतं. ताईताने काही होत नव्हतं, ना बरं ना वाईट, सलाईन दुसऱ्या हाताला लागलं असतं.

म्हणून डॉक्टरांना सगळं सांग. फोनवर असं म्हण, "डॉक्टर, १८ दिवस कॅप्सूल बंद होती, घरच्यांनी वैद्याची पुडी आणि काढा दिला, वजन इतकं कमी झालं, आता मी सगळं परत चालू केलंय." रागावतील थोडे. रागावू दे. दोन मिनिटं रागावतील आणि मग कामाला लागतील. आणि पुडीचं नक्की सांग, कारण तुझं एक वाक्य मला खटकलं, 'पहिले चार दिवस खोकला एकदम कमी झाला.' पावती नाही, लेबल नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही अशा पुड्यांत स्टिरॉइड कुटून मिसळलेलं अनेकदा सापडलंय, त्याने पहिल्या आठवड्यात माणूस टवटवीत होतो आणि लोक म्हणतात काय गुण आला. तुझ्या पुडीत आहेच असं मी म्हणत नाही, मी ती बघितलेली नाही. पण असेल तर ती अचानक थांबवल्यावर पोर गळून जाऊ शकतं, म्हणून पुडी आज बंद आणि फोन पण आजच, दोन्ही बरोबर. दुसरी गोष्ट भस्माची. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली होती, जवळजवळ पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. १४ किलोच्या पोराच्या पोटात शिसं नको, एवढंच.

आता तू विचारलेले तीन सल्ले. गाढवीणीचं दूध विकायला बायका आपल्याकडे पण गल्लीत येतात, चमचाभराचे पैसे घेतात आणि दारातच काढून देतात, कच्चं. खोकल्याला त्याने काही होत नाही, आणि कच्च्या दुधातून जंतू मात्र जातात. दूध पाजायचंय तर घरच्या म्हशीचं उकळून पाज, साय काढू नको. माशाचं औषध, ते हैदराबादला मृगाच्या दिवशी देतात, जिवंत लहान माशाच्या तोंडात पिवळी गोळी ठेवून तो मासा गिळायला लावतात, शाकाहारी लोकांना गुळातून देतात. ते दम्यासाठी म्हणून प्रसिद्ध आहे, तुझ्या पोराचा आजार दमा नाहीच मुळात, आणि दम्याला तरी उपयोग होतो याचा पुरावा नाही. पण मला दिसतं ते हे की ज्या पोराला मिनिटामिनिटाला उबळ येते त्याच्या घशात जिवंत मासा, आणि भोवती हजारो खोकणारी माणसं. नको. तिकिटाच्या पैशात दोन महिन्यांचं तूप येईल.

नणंदेचा तो काढा नेब्युलायझरमध्ये टाकायचा सल्ला तीनही सल्ल्यांत सगळ्यात वाईट आहे, तिला प्रेमाने सांग पण ठाम सांग. मशीनमध्ये डॉक्टरांनी लिहिलेलं निर्जंतुक मिठाचं पाणी आणि लिहिलेलं औषध, बस्स, ओव्याचा अर्क नाही, कापराचं पाणी नाही, तुळशीचा रस नाही. पोटात गेलेल्या घाणीला आतडं आहे, लिव्हर आहे, छातीत गेलेलीला तशी चाळणी नाही. तसंच नाकात तेल किंवा तूप सोडणं, आपल्याकडे न्हाऊ घालणाऱ्या बायका हमखास करतात, ते थेंब श्वासात गेले की फुप्फुसात तेलाचा न्यूमोनिया होतो, तो साध्या अँटिबायोटिकने जात नाही. आणि पोट फुगलंय म्हणून कोणी पोटावर चटके द्यायला निघालं, मेळघाटात त्याला डम्मा म्हणतात, आपल्या सातपुड्याकडे पण ऐकते मी अधूनमधून, किंवा बिब्बा लावायला निघालं, तर तिथे मान ठेवायचा नाही कोणाचा. दारात उभी राहा.

मग सगळंच बंद का? नाही गं. सासूबाईंना पण काहीतरी करायला पाहिजे ना, हात रिकामे ठेवले की त्या परत पुडी शोधतील. तेलाने मालिश करू दे, छातीला पाठीला, मुलं शांत झोपतात, फक्त त्याला फिजिओची बदली समजायचं नाही, थोपटणं वेगळं राहील. हळद घातलेलं दूध चालेल. हळदीची एक गोष्ट मला फार आवडते, २००४ साली अमेरिका-कॅनडातल्या संशोधकांनी हळदीतलं कर्क्युमिन या आजाराच्या उंदरांना दिलं आणि तो बिघडलेला दरवाजा सुधारतो असं छापलं, जगभरच्या आईबापांनी हळदीच्या कॅप्सूल आणल्या, मग दुसऱ्या लॅबमध्ये करून बघितलं तर तसा परिणाम मिळाला नाही. तर हळद दुधात घाल, पण त्या दुधात तुझ्या पोराच्या कामाचं दूधच आहे. मध चमचाभर चालेल, तो सहा वर्षांचा आहे (वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, हे सगळ्यांसाठी). अडुळसा, तुळस हे डॉक्टरांना विचारून, नुसतं 'झाडपाला आहे काय होतंय' म्हणून नाही. खोकल्याच्या बाटलीतलं ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या द्रव्यावरूनच बनलंय, म्हणजे झाडपाल्यात दम आहे, आणि ज्यात दम आहे ते चुकीच्या ठिकाणी पण लागतं. गुळवेलीचं बघ, करोनात आपण सगळ्यांनी प्यायलो, मी पण, मग २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वाद झाला. पण या आजारात लिव्हरच्या नळ्या पण चोंदू शकतात, त्यामुळे तुझ्या घरात तो वाद सोडवायची गरजच नाही, गुळवेल नको. कच्ची पपई पचनाला चांगली म्हणून कॅप्सूलऐवजी कोणी सांगेल, तर पपईतलं पपेन प्रोटीन तोडतं, चरबी नाही, आणि तुझं भांडण चरबीशी आहे.

नवस बोल, कानबाईला सांग, सप्तशृंगीच्या गडावर जा, फक्त चैत्राच्या गर्दीत त्याला नेऊ नको, गर्दी ओसरल्यावर जा. देवी थांबते.

खेळातून छाती मोकळी होते हे मी डोळ्यांनी बघितलंय. ग्लासात पाणी आणि साबणाचा थेंब घालून नळीने फुगे काढायला लाव, पिपाणी वाजवू दे, बाजेवर उड्या मारू दे, मोठ्याने गाणी म्हणू दे. हसून हसून उबळ आली आणि बेडका पडला की शाबास म्हणायचं. कफ गिळायचा नाही, थुंकायचा. जुन्या बायका म्हणतात खोकला दाबून टाका, याच्या बाबतीत खोकला बाहेर काढायचा आहे.

घरातल्या तीन गोष्टी बघून घे, औषधाइतक्याच महत्त्वाच्या. एक तुझा कूलर. साचलेल्या पाण्यात स्युडोमोनास नावाचा जंतू राहतो आणि तो या मुलांच्या छातीत एकदा बसला की सहजासहजी हटत नाही, त्यामुळे टाकी रोज रिकामी, घासायची, वाळवायची, हिरवट शेवाळ धरलेली वाळ्याची ताटी तर ताबडतोब बदल, आणि जमलं तर त्याच्या अंगावर कूलर न सोडता पंखाच बरा. दोन, नेब्युलायझरचा कप आणि मास्क प्रत्येक वेळी धुवायचा, आणि रोज एकदा कपचे उकळता येणारे भाग पाच मिनिटं उकळून स्वच्छ कपड्यावर सुकवायचे, ओला डब्यात बंद करायचा नाही. तीन, कडबा, भुसा आणि उकिरडा, यांच्या धुळीतली बुरशी त्याच्या छातीला फार वाईट, कुट्टीचं मशीन चालू असताना त्याला खळ्यात पाठवू नको. आणि हो, कॅप्सूल. स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवतेस ना? मेमध्ये त्या फळीजवळ हात ठेवून बघ. त्या २५ डिग्रीच्या आसपास कोरड्या ठेवायच्या असतात, उष्णतेने आतलं एन्झाइम मरतं आणि तू म्हणशील देते तरी शी तेलकट का. घरातला सगळ्यात थंड कोरडा कोपरा शोध, झाकण घट्ट. माठाजवळ नको, ओल लागते. लिहिलं नाहीस तरी सांगून ठेवते, कॅप्सूल फोडून गरम खिचडीत किंवा दुधात टाकायची नाही, आतल्या बारीक मण्यांवर जे आवरण असतं ते पोटातल्या ॲसिडपासून वाचवायला असतं, दुधात ते आधीच विरघळतं. गिळता येत नसेल तर सफरचंदाच्या शिजवलेल्या गरासारख्या आंबटसर मऊ पदार्थाच्या चमच्यावर टाकून लगेच भरवायची, चावू द्यायची नाही, वर पाणी.

वैद्यबुवांचं काय करायचं ते मिस्टरांवर सोड, पैसे परत मागायला जाऊ नका, जीव तिथे अडकवू नका. मला चांगले वैद्य माहीत आहेत, त्यांच्याकडे असं पोर गेलं की ते आधी फाइल मागतात आणि म्हणतात डॉक्टरांचं चालू ठेवा. जो पहिल्याच भेटीत चालू औषध बंद करायला सांगतो तो कोणत्याही पॅथीचा असो, माझ्या हिशेबात बाद.

खर्चाचं तू लिहिलं नाहीस, पण ११ हजार एकदम निघाले म्हणजे कॅप्सूलचा महिन्याचा खर्च टोचतोय हे कळतं. २०२१ पासून केंद्राचं दुर्मिळ आजारांचं धोरण आहे आणि मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे, पुढच्या खेपेला तिथल्या सोशल वर्कर बाईंना भेट, कोणती मदत बसते ते त्या सांगतील. परदेशात तो बिघडलेला दरवाजा सुधारणारी औषधं आली आहेत, तीन औषधांची एकत्र गोळी अमेरिकेत २०१९ ला मंजूर झाली, ती सगळ्या प्रकारच्या बिघाडावर चालत नाही आणि प्रचंड महाग आहे, तरी पोराचा जीन रिपोर्ट जपून ठेव, आणि आपल्या मुलाला ती लागू आहे का हे डॉक्टरांना विचारून ठेव.

एक अजून, सासूबाई हे तुझ्या माहेरकडून आलं म्हणत असतील (पत्रात नाही, पण मी ओळखते व माय, सगळ्या घरात म्हणतात). हा आजार आई आणि बाप दोघांकडून अर्धा-अर्धा येतो, दोघांत तो जीन झाकलेला असतो आणि दोघं ठणठणीत असतात. दुसऱ्या वेळेला पण प्रत्येक खेपेला चारात एक अशी शक्यता असते, त्यामुळे दिवस जायच्या आधी डॉक्टरांशी बोला, दोघं मिळून जा.

आखाजीला ने. डॉक्टरांनी फोनवर होकार दिला आणि पोरगं खात-पीत असेल तर नक्की ने, तुला पण माहेरची हवा पाहिजे. सकाळच्या पहिल्या एसटीने जा, दुपारच्या गाडीने नाही. सोबत ओआरएसची पाकिटं, मीठ घातलेलं कैरीचं पन्हं, मशीन, आणि कॅप्सूलची डबी तुझ्या पर्समध्ये, गाडीच्या डिकीतल्या बॅगेत नाही. झोका बांधला असेल तर सकाळ-संध्याकाळ खेळू दे, पोरींची गाणी त्याला पण म्हणायला लाव. आईला आधीच सांगून ठेव की येणारी प्रत्येक काकू त्याच्या हातात सांजोरी ठेवणार आहे, आणि सांजोरी पण तुपातली, म्हणजे तिला पण कॅप्सूल लागते, डॉक्टरांनी मधल्या खाण्याला जेवढी सांगितली तेवढी. खापरावरचे मांडे आणि आमरस भरपूर तूप घालून खाऊ घाल. मांडा खायला त्याला अर्धा-पाऊण तास लागेल, मध्येच उठून झोक्यावर पळेल, म्हणून त्या दिवशी सगळ्या कॅप्सूल सुरुवातीलाच देऊ नको, निम्म्या पहिल्या घासाला आणि निम्म्या मध्यावर, तो झोक्यावरून परत पानावर येऊन बसला की.